मुलांच्या गोधडीवर नाव घालण्याच्या काही सोप्या रीती

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



ऊसतोडणीच्या दिवसांत एखाद्या हंगामी वसतिगृहात रात्री आठच्या सुमारास पाऊल टाकले, तर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. जेवणे आटोपलेली असतात, सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि कोपऱ्यात रचलेल्या गोधड्यांच्या ढिगाभोवती मुलांची झोंबाझोंबी चाललेली असते. सगळ्याच गोधड्या जुन्या लुगड्यांच्या, साड्यांच्या आणि धोतरांच्या. दिवसा त्यांचे रंग ओळखू येतात. पण रात्री खोलीत एकच दिवा असला म्हणजे सगळ्या सारख्याच मळकट दिसतात. मोठी मुले आपली गोधडी हाताच्या स्पर्शाने ओळखून काढतात. काही चतुर मुले दुसऱ्याची जाड पाहून तीच आपली म्हणतात. पहिली-दुसरीतले मूल मात्र वाट्याला आलेली गोधडी घेऊन बसते, ती हुंगून पाहते आणि मुसमुसू लागते.

या मुसमुसण्याचे कारण खेड्यातील शिक्षकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मुलाचे आईबाप दसरा-दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या वाटेने गेलेले असतात. ते परतावयाचे ते उन्हाळ्याच्या तोंडी. मधल्या पाचसहा महिन्यांत आईची म्हणून जी वस्तू मुलाजवळ राहते, ती तिच्या नेसत्या साडीची झालेली गोधडी होय. ती दुसऱ्याच्या अंगावर गेली म्हणजे त्या मुलाचे काय गेले, याची नोंद कोणत्याही साठा नोंदवहीत होत नसते.

याच्या जोडीला आरोग्याचा प्रश्न आहे. खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते हे खरे. परंतु पांघरुणांची रोज अदलाबदल होत राहिली म्हणजे तिला आणखी एक वाट मोकळी होते. एका मुलास औषध लावावे आणि त्याने त्याच रात्री दुसऱ्याच्या गोधडीत शिरावे, असे चालले तर औषधाचा उपयोग तो काय होणार? ज्याची गोधडी त्याच्याच अंगावर राहणे हा तेथील पहिला उपचार आहे.

काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून गोधड्यांवर क्रमांक घालतात. क्रमांकाने काम भागते, यात शंका नाही. परंतु ज्या संस्थेने मुलास त्याचे नाव लिहावयास शिकविण्याचे पत्करले आहे, तिने त्याच्या पांघरुणावर सतरा किंवा बावीस असा आकडा टाकून मोकळे व्हावे, हे काही बरे दिसत नाही. शिवाय स्वतःचे नाव हा मुलाच्या वाचनातील पहिला खरा शब्द असतो. न्यूझीलंडमधील माओरी मुलांच्या शिक्षिका सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर’ या पुस्तकात हाच अनुभव मांडला आहे: मुलाच्या आयुष्यातून आलेला शब्द ते लवकर वाचते आणि विसरत नाही. पुस्तकातील ‘कमळ’ आणि ‘बदक’ ही सर्वांची असतात; गोधडीवरील शब्द एकट्याचा असतो, आणि तो रोज रात्री वाचावा लागतो.

आता नाव घालावयाचे म्हणजे कोणते, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. हजेरीपटावर एक नाव, घरी हाक मारण्याचे दुसरे, आणि आधार कार्डावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले, अशी पुष्कळ मुलांची स्थिती असते. गोधडीसाठी मुलाचे स्वतःचे नाव तेवढे घ्यावे. घरचे लाडके नाव हवे असे मुलाने किंवा घरच्यांनी म्हटले तर तेही चालेल. मात्र ज्या नावाने इतर मुले चिडवितात, ते नाव कोणी कितीही हसत सांगितले तरी घेऊ नये. आडनाव मुळीच घालू नये. आडनावावरून गावात काय काय ओळखले जाते, हे शिक्षकांस ठाऊक आहे. ते ओळखण्याचे साधन मुलांच्या उशाशी रात्रभर पसरून ठेवण्याचे प्रयोजन नाही.

एकाच वर्गात दोन गणेश निघाले तर काय करावे? त्यांपुढे आईचे नाव जोडावे. एक गणेश लक्ष्मीचा, दुसरा सुमनचा. आईच्या साडीच्या गोधडीवर आईचे नाव असण्यात वावगे काहीच नाही. शासकीय दस्तऐवजांत बालकाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला, आणि तो १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना लागू आहे. ती मुले पहिलीच्या वर्गात २०३० च्या सुमारास येतील. गोधडीने तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

कामाची सुरुवात शाळेतून जाणाऱ्या चिठ्ठीने होते. पाठकोऱ्या कागदावर शिक्षकाने मुलाचे नाव मोठ्या, गोल आणि सुटसुटीत अक्षरांत लिहावे. अक्षराची उंची पाच सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. त्याहून लहान अक्षर गोधडीच्या जाड दोऱ्यात बुडून जाते. दोन अक्षरांमध्ये एक बोटाचे अंतर ठेवावे. मुलाने त्या अक्षरांवरून बोट फिरवावे, मग पेन्सिलीने गिरवावे, आणि शेजारी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावे. शिवावयाचे आहे ते मुलाच्या हातचे अक्षर, शिक्षकाचे नव्हे. ते थोडे वाकडे असले तर वाकडेच शिवले जाऊ द्यावे. केवळ वळण वेडेवाकडे असणे वेगळे आणि अक्षर चुकलेले असणे वेगळे. चिठ्ठी घरी पाठविण्यापूर्वी दुसरी गोष्ट काळजीपूर्वक तपासली पाहिजे. हे वाक्य येथे मुद्दाम घातले आहे. त्याचे कारण पुढे येईल.

चिठ्ठी घरी गेली की काम आजीच्या, मावशीच्या किंवा शेजारणीच्या हाती जाते. त्यांपैकी पुष्कळजणी शाळेत गेलेल्या नसतात. अशा बाईस अक्षरे कशी शिवता येतील, अशी शंका शिक्षकांकडून नेहमी निघते. वस्तुतः गोधडी शिवणाऱ्या हातास देवनागरी लिपीचे अर्धे काम आधीपासूनच येत असते. गोधडी म्हणजे तरी काय? एकावर एक घातलेल्या कापडांच्या घड्या आणि त्यांना एकजीव करणाऱ्या धावदोऱ्याच्या समांतर ओळी. यांपैकी एक ओळ गडद रंगाच्या दुहेरी दोऱ्याने पुन्हा घातली की तीच शिरोरेषा झाली. आपल्या लिपीतील अक्षरे रेघेवर बसत नाहीत, रेघेला टांगलेली असतात. दोरीवर धुणे वाळत घालावे तशी ती एकामागून एक त्या ओळीखाली लटकवीत जावयाची. आणि खालच्या दोन-तीन ओळी दुरेघी वहीच्या रेघांप्रमाणे आयत्याच मिळतात; काना कोठे थांबवावा हे त्या सांगतात.

शिरोरेषेसाठी ओळ निवडताना गोधडीच्या वरच्या काठापासून चार बोटे खालची घ्यावी. अगदी काठाजवळची ओळ घेतली तर वेलांटी, मात्रा आणि रफार यांना जागा उरत नाही. तसेच खाली उकार आणि ऋकार यांच्यासाठी एका ओळीइतकी जागा सोडावी. प्रथम सर्व उभे दंड घालून घ्यावेत, कारण ते सरळ असतात आणि त्यांच्यामुळे अक्षरांच्या जागा नक्की होतात. नंतर गोलाई घ्यावी. सरळ रेघेत टाका गव्हाच्या दाण्याएवढा चालतो. वळणावर तो तांदळाच्या दाण्याएवढा बारीक घ्यावा, नाहीतर ‘व’चे पोट चौकोनी होते. जाताना धावदोरा घालावा आणि परतताना मधल्या सुटलेल्या जागा भरून याव्यात. म्हणजे रेघ अखंड दिसते आणि दोऱ्याचे दुसरे टोक पुन्हा आरंभाशी येते. ज्या बाईस साखळी टाका किंवा देठ टाका येतो तिने तो खुशाल वापरावा, परंतु त्याची आवश्यकता नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो. वर्गात आधी अक्षर आणि शेवटी शिरोरेषा असा क्रम शिकवावयाचा, आणि येथे शिरोरेषा आधी; मुलांचा गोंधळ होणार नाही काय? मोडी लिहिणारे जुने कारकून आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग अक्षरे तिला टांगीत. त्यांचे काही अडले नाही. मुलाने पाटीवर वर्गातील क्रमानेच लिहावे. गोधडीवर कापडाचा कायदा चालतो.

टाका सर्व थरांतून आरपार गेला तर मागील बाजूस नाव उलटे उमटते, आरशात दिसावे तसे. मुलांना याची फार गंमत वाटते, आणि उलटे नाव वाचण्याचा खेळ वर्गात चांगला अर्धा तास चालतो. ज्यांना ते नको असेल त्यांनी सुई वरच्या दोन थरांतूनच फिरवावी, किंवा थर एकत्र करण्यापूर्वीच वरच्या कापडावर नाव घालून घ्यावे.

अक्षरे कापडावर आखण्यासाठी अंगाच्या साबणाची झिजलेली, वाळलेली चिप उत्तम. तिची रेघ गडद कापडावर स्वच्छ उठते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. फिक्या कापडावर शिंप्याचा रंगीत खडू घ्यावा. कार्बन कागद, बॉलपेन आणि स्केचपेन यांच्या वाटेस जाऊ नये. कार्बनचा डाग पसरतो आणि पेनची शाई टाक्याच्या बाजूने डोकावत राहते. दोरा पक्क्या रंगाचा आहे किंवा नाही हे आधीच पाहावे. तो भिजवून पांढऱ्या चिंधीत चिमटीने दाबून ओढला असता चिंधी रंगली, तर तो दोरा बाजूस ठेवावा. लाल दोऱ्याच्या बाबतीत तर ही परीक्षा चुकवूच नये.

ज्या घरी शिवणारे कोणी नाही, किंवा जिची दृष्टी आता सुईपर्यंत पोहोचत नाही अशी एकटीच आजी आहे, तेथे पट्टीची रीत सोयीची. मांजरपाटाचा तुकडा आधी भिजवून, आटवून, वाळवून घ्यावा. त्यातून वीतभर लांब आणि चार-पाच बोटे रुंद पट्टी कापावी, तिच्यावर नाव शिवावे, कडा आत दुमडून ती गोधडीच्या कोपऱ्यावर चारही बाजूंनी टाचून टाकावी. अशा लहान पट्टीवर अक्षर अडीच-तीन सेंटिमीटरचे आणि दोरा एकेरी व बारीक घ्यावा. मॅटीचे कापड मिळाल्यास फुलीचा टाका घालता येतो. त्यासाठी चौकटीच्या कागदावर अक्षर आधी घरे मोजून बसवावे लागते, आणि चौथी-पाचवीच्या मुलांचे त्यात पुष्कळ गणित होऊन जाते. पट्टीचा मोठा गुण असा की गोधडी विरली तरी पट्टी उसवून नव्या गोधडीस लावता येते.

ही पट्टी वर्गात मुलांनी स्वतः करावी, आणि ती मुलग्यांनीही करावी. १९३७ साली वर्धा येथे मूलोद्योग शिक्षणाचा विचार पुढे आला तेव्हा टकळी मुलगा आणि मुलगी असा भेद पाहत नव्हती. सुईनेही तो पाहू नये. पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती सुई देऊ नये. त्यांना पुठ्ठ्यावर नावाच्या रेघेने भोके पाडून द्यावीत आणि बुटाची जुनी नाडी ओवावयास लावावी. वरच्या वर्गात सुया मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत सतरंजीवर कोणासही बसू देऊ नये.

ठिगळाची रीत दिसावयास सर्वांत सुंदर, पण ती फक्त सोप्या नावांस मानवते. शिरोरेषेमुळे ‘राम’ किंवा ‘उमा’ असे नाव अखंड एका तुकड्यात कापता येते. ते साडीच्या काठाच्या घट्ट कापडातून कापून, गोधडीवर ठेवून, कडांना काजाचा टाका घालावा. उकाराची टोके आणि बारीक वळणे लवकर उसवतात. ‘ज्ञानेश्वर’ नावाच्या मुलाची आजी या रीतीच्या नादी लागली तर पुढील हंगाम येईल.

शाईविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. कपड्यांवर खूण करण्याकरिता पूर्वी परीट बिब्ब्याचा रस वापरीत. ती खूण जन्मभर जात नसे, आणि म्हणून वडील माणसे हा उपाय आजही सुचवितात. तो मुलांच्या पांघरुणास कदापि करू नये. बिब्बा अंगावर उतला म्हणजे फोड येतात, कातडी सोलवटते, आणि लहान मुलास त्याचा फारच त्रास होतो. कापडावर लिहिण्याच्या तयार पेनने पट्टीवर नाव घालता येते, मात्र नदीच्या दगडावर आपटलेल्या धुण्यात ते किती दिवस टिकेल हे आधी चिंधीवर पाहून घ्यावे. इस्त्रीने चिकटविण्याच्या छापील नावांचे तर दगडाशी मुळीच जमत नाही. तालुक्याच्या गावी यंत्रावर नाव भरून मिळते. ते सुबक असते, वाईट काहीच नाही. त्यात मुलाचे अक्षर मात्र राहत नाही.

अनुस्वारासाठी मणी, चंद्रकोरीसाठी टिकली आणि मात्रेच्या टोकास बटण, असली हौस काही ठिकाणी दिसून येते. तान्ह्या मुलाच्या दुपट्यावर ती सर्वस्वी वर्ज्य समजावी. सुटलेला मणी थेट तोंडात जातो. अनुस्वारास गाठीचा टाका किंवा बारीक फुली पुरे. दुपट्याच्या मागील बाजूस लांब लोंबते दोरे राहू देऊ नयेत; तान्ह्याची बोटे त्यांत अडकतात.

नाव नेहमी उशाकडे घालावे. अक्षराला पाय लागू नये ही भावना घरोघरी आहेच, आणि तिला धक्का देण्याचे कारण नाही. परंतु या रीतीचा व्यवहारातही उपयोग आहे. नाव उशाशी असले म्हणजे रोज गोधडीची तीच बाजू तोंडाकडे येते आणि पायांकडची पायांकडेच राहते. घडी घालताना नाव वर येईल अशी घालण्याची सवय लावली की सकाळी रचलेल्या ढिगातून रात्री प्रत्येकाची गोधडी न उलगडता मिळते. ढिगाभोवतीची ती झोंबाझोंबी निम्म्याहून अधिक येथेच संपते. मोठ्या भावंडाची गोधडी धाकट्याकडे आली तर जुने नाव उसवू नये, त्याखाली नवे घालावे. एकाच गोधडीवर तीन भावंडांची नावे एकाखाली एक आलेली असली म्हणजे धाकटे मूल आपल्याआधी वरची दोन नावे वाचावयास शिकते.

चिठ्ठी तपासण्याविषयी वर जे म्हटले, त्यामागे एक हकिगत आहे. डोंगराकडेच्या एका वस्तीवरील द्विशिक्षकी शाळेत हा उपक्रम झाला. दुसरीतील एका मुलीचे नाव प्रतीक्षा. गुरुजींनी हजेरीपटावरून तिचे नाव चिठ्ठीवर उतरून दिले, मुलीने ते गिरवून पुन्हा लिहिले आणि चिठ्ठी आजीकडे गेली. आजीला अक्षरओळख नव्हती. तिने चिठ्ठी गोधडीवर टाचली, तीन रात्री बसून हिरव्या दोऱ्याने नाव घातले, आणि ते इतके नेटके झाले की गुरुजींनी कौतुकाने त्याचे छायाचित्र काढून मुलीच्या आईच्या मोबाईलवर पाठविले. आई तेव्हा कारखान्याच्या तळावर होती. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर तिचा फोन आला.

“गुरुजी, गोधडी लई चांगली झाली,” ती म्हणाली. “पण लेकीच्या नावात दुसरी वेलांटी पाहिजे ना? तुमच्यात पहिली आलीया.”

गुरुजींनी हजेरीपट उघडला. त्यात ‘प्रतिक्षा’ असेच होते. जनरल रजिस्टर काढले. त्यातही तेच, आणि प्रवेशाच्या दिवशीची ती नोंद त्यांच्याच हातची होती. दीड वर्ष ते रोज ते नाव पुकारीत होते. पुकारताना चूक ऐकू येत नाही. सातवीनंतर शाळा सुटलेल्या आईने मात्र लेकीचे नाव पुस्तकात वाचून ठेवले होते, आणि वेलांटीसह लक्षात ठेवले होते. मुलीने चिठ्ठीतले बरोबर उतरविले होते, आजीने बरोबर शिवले होते. चूक होती ती शाळेची.

आता काय करावे? गोष्ट तशीच दडपून टाकता आली असती. वस्तीवर ती ओळखणारे फारसे कोणी नव्हते. गुरुजी संध्याकाळी आजीच्या घरी गेले आणि चूक आपली आहे, तुमची नाही, हे त्यांनी आधी सांगितले. आजीने एवढेच विचारले, “मंग समदं उसवायचं का?” सगळे उसवावे लागले नाही. पहिल्या वेलांटीचा दंड ‘त’च्या आधी उभा असतो, दुसरीचा नंतर. तो एक दंड आणि त्यावरची कमान तेवढी काढून पलीकडे घालावयाची होती, आणि अक्षरांत बोटभर अंतर ठेवलेले असल्यामुळे ‘त’ आणि ‘क्ष’ यांच्यामध्ये ती बसली. अंतर सोडण्याची सूचना वर केली आहे ती याचसाठी. काम अर्ध्या तासात झाले. ते चालू असताना मुलगी शेजारी बसून ‘ति’ आणि ‘ती’ असे आलटून पालटून म्हणत होती, आणि आजी दंडाची जागा पाहत होती. दोघींना ऱ्हस्व-दीर्घाचा पाठ तेव्हा मिळाला. वर्गात तो तितका पक्का होत नाही.

सुई ठेवण्यापूर्वी आजीने स्वतःचे नाव कसे दिसते, असे विचारले. गुरुजींनी ते साबणाच्या चिपेने गोधडीच्या खालच्या बाजूस, उशाकडच्याच कोपऱ्यात लिहून दिले. दोन दिवसांनी मुलीने शाळेत येऊन सांगितले की आजीने ते शिवले. मात्र हिरवा दोरा संपला म्हणून निळ्याने.

गोधडी शिवणारीचे नाव गोधडीवर असावे, ही कल्पना महाराष्ट्रात नवी वाटेल. बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या थरांची जी कांथा शिवतात, तिच्यावर शिवणारीने नाव घातल्याची उदाहरणे आहेत. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी दासी या स्त्रीने एकोणिसाव्या शतकात वडिलांसाठी शिवलेली एक कांथा आहे. तिने तीत आपले नाव टाक्यांनी लिहून ठेवले, म्हणूनच ती आज तिच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडील घरोघरच्या गोधड्यांखाली शिवणारीचे नाव शोधावयास गेल्यास ते क्वचितच सापडेल. म्हणून मुलाच्या नावाची चिठ्ठी पाठविताना तिच्या मागील बाजूस शिवणारीचे नाव लिहून पाठवावे. ते शिवावे की नाही, हे तिच्यावर सोडावे. आग्रह करू नये.

राहिली वेळेची गोष्ट. हे काम हंगाम सुरू झाल्यावर हाती घेणे म्हणजे उशीर करणे होय, कारण तोपर्यंत आया निघून गेलेल्या असतात. चिठ्ठ्या पोळा झाला की भाद्रपदात घरी जाव्यात. तेव्हा पावसाची झड असते, बायकांना दुपारची थोडी उसंत मिळते, आणि नवरात्रात घरातील गोधड्या धुवावयास निघतात त्यापूर्वी नाव घालून होते. ती पहिली धुलाई म्हणजे दोऱ्याच्या रंगाची दुसरी परीक्षाच. दोऱ्याच्या दोन-तीन रिळांत सगळा वर्ग भागतो.

या कामाचा कोणताही तक्ता भरावयाचा नाही, छायाचित्रे कोठे पाठवावयाची नाहीत आणि त्याची स्पर्धाही घेऊ नये. एवढे मात्र करावे, की चिठ्ठ्या लिहावयास बसताना हजेरीपटाबरोबर जनरल रजिस्टरही पुढ्यात घ्यावे, आणि ज्या नावाविषयी शंका येईल ते मुलाच्या आईस विचारावे. वरील शाळेतील गोधडी अर्ध्या तासात सुधारली. रजिस्टरातील वेलांटीसाठी मात्र रीतसर अर्ज, पुरावा आणि मंजुरी एवढा प्रवास झाला, आणि ‘प्रतीक्षा’ ही नोंद शाळेच्या दप्तरात आली तेव्हा मुलगी तिसरीत गेली होती.